लिनक्सवरच्या पाहुण्या विंडोजचा आवाज कुठे अडतो?

"सर, पयला शब्दच ऐकू नाही येऊन राह्यला."

मराठी लघुलेखनाच्या क्लासमधली ही तक्रार. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नऊ संगणकांची एक खोली, आणि ८० शब्द प्रतिमिनिट वेगाचं डिक्टेशन. हिशेब केला तर पाऊण सेकंदाला एक शब्द पडतो. सुरुवातीचा तेवढाच तुकडा कापला गेला, तरी मुलगी पहिल्या ओळीतच अडखळते. शेजारच्या मशीनवर वाचणाऱ्याचा आवाज तव्यावर मोहरी तडतडावी तसा तुटत होता. तिसऱ्या मशीनवर काहीच नव्हतं, चिडीचूप.

तिन्ही संगणक एकाच वर्षी घेतलेले, एकाच पद्धतीने बसवलेले. तरी दुखणी तीन. हे संगणक सांभाळायचं काम माझ्याकडे आहे आणि ही तिन्ही दुखणी मी वेगवेगळ्या गावांत पुन्हा पुन्हा बघतो. यातलं एकही असाध्य नाही. फक्त कुठे बघायचं ते कळायला हवं.

हा प्रश्न आताच का वाढला?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आपल्याकडच्या क्लासेसमध्ये, शाळांमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत यापेक्षा जुने संगणक ढिगाने आहेत आणि ते अजून ठणठणीत चालतात. ते भंगारात घालण्यापेक्षा अनेकांनी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचीच ही दोन रूपं. चांगलं केलं. पण डिक्टेशनचा प्रोग्राम विंडोजचाच, टायपिंगच्या सरावाचा प्रोग्रामही विंडोजचाच. मग लिनक्सच्या आत एका खिडकीत विंडोज चालवायचं ठरलं, आणि सगळं चाललं. कुरकुर केली ती आवाजाने.

यजमान आणि पाहुणा

संगणकाच्या आत प्रोग्रामच्या जोरावर उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी मशीन. खरा संगणक आणि त्यावरचं लिनक्स हा यजमान, आत चालणारं विंडोज हा पाहुणा. दोघांची गाठ घालून देणारा प्रोग्राम म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, किंवा केव्हीएम आणि त्याच्या जोडीचं क्यूईएमयू. दुसऱ्या जोडीला वापरायला सोपं रूप देणाऱ्या खिडकीला व्हर्ट-मॅनेजर म्हणतात.

पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे सहसा जाणवत नाही. त्याला वाटतं हार्ड डिस्क आपली, पडदा आपला, साउंड कार्डही आपलंच. प्रत्यक्षात ते कार्ड म्हणजे मधल्या प्रोग्रामने वठवलेलं सोंग असतं. पाहुणा त्या खोट्या कार्डाकडे आवाज सोपवतो, मधला प्रोग्राम तो उचलून यजमानाकडे देतो आणि यजमान खऱ्या स्पीकरपर्यंत पोचवतो.

शेताच्या भाषेत सांगतो. वरच्या शेतात विहीर आणि मोटर आहे, खालच्या शेतात ठिबक. पाइपलाइन बांधाखालून जाते. वरचं शेत पाहुण्याचं, खालचं यजमानाचं. खाली पाणी आलं नाही तर शहाणा माणूस सगळी पाइपलाइन उकरत बसत नाही. आधी बांधावर जातो, तिथला जोड सैल करतो आणि बघतो की इथपर्यंत पाणी येतंय का. येत असेल तर दोष खाली, नाही तर वर. एका तपासणीत अर्धं शेत बाद.

यजमानाच्या शेतातली तीन नावं

मदत शोधताना अल्सा, पल्सऑडिओ आणि पाइपवायर ही नावं सतत येतात आणि माणूस गोंधळतो. अल्सा हा लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) भाग, खऱ्या साउंड कार्डाशी बोलणारा. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या गाभ्यापासून तो लिनक्सचा मुख्य आवाज-विभाग आहे. त्याच्यावर एक वाटप करणारा लागतो, कारण गाणं, ब्राउझर आणि आभासी मशीन या सगळ्यांना एकाच वेळी स्पीकर हवा असतो. हे काम लेनार्ट पोटरिंग यांनी सुरू केलेल्या पल्सऑडिओने बरीच वर्षं केलं. पुढे विम टायमन्स यांचा पाइपवायर आला. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका रूपाने तो २०२१ मध्ये आवाजासाठी मूळचा म्हणून स्वीकारला, उबुंटूने २२.१० पासून आणि लिनक्स मिंटने २२ पासून.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचा अर्धा गोंधळ तिच्यातूनच होतो. पाइपवायरला पल्सऑडिओची भाषा येते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत "पाइपवायर" हे नाव दिसलं नाही तरी घाबरायचं नाही. "पल्सऑडिओ" निवडा, पलीकडून पाइपवायरच ओ देतो.

बांधावरची तपासणी

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून "पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल" घ्या. पाइपवायर असला तरी ते चालतं. पाहुण्या विंडोजमध्ये मोठी ऑडिओ फाइल लावा, ती वाजू द्या, आणि यजमानाकडे येऊन या प्रोग्रामचं "प्लेबॅक" पान उघडा. वाजणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची तिथे एक ओळ असते, आणि तिच्याखाली आवाजाबरोबर नाचणारी पट्टी.

आभासी मशीनची ओळ आहे, पट्टी नाचते आहे, पण स्पीकर गप्प: दोष यजमानाकडे. ओळ आहे पण पट्टी निपचित: पाहुण्याकडून शांतताच येते आहे, तिथला आवाज बंद किंवा दुसऱ्याच उपकरणाकडे वळलेला असेल. ओळच नाही: पाणी बांधापर्यंत आलंच नाही, म्हणजे पाहुणा किंवा मधला प्रोग्राम बघायचा.

ही तपासणी दोन मिनिटांत होते. ती न करता सेटिंग बदलत सुटलेले लोक मी बघितले आहेत. संध्याकाळपर्यंत दहा गोष्टी बदललेल्या असतात आणि मूळ काय होतं तेही आठवत नाही.

दोष यजमानाकडे असेल तर

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो चुकीचा रस्ता. मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला असेल तर लिनक्स अनेकदा आवाज त्याच वायरने मॉनिटरकडे पाठवतं, आणि पुष्कळ मॉनिटरना स्पीकरच नसतो. त्याच प्रोग्रामच्या "प्लेबॅक" पानावर आभासी मशीनच्या ओळीशेजारी कुठे वाजवायचं त्याची निवड असते. तिथे ॲनालॉग आउटपुट निवडा.

एवढ्याने झालं नाही तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, "अल्सामिक्सर" उघडा. ज्या पट्टीखाली दोन इंग्रजी "एम" दिसतात ती मुकी आहे. बाणाने तिच्यावर जा, कीबोर्डवरचं एम दाबा, ती बोलू लागते. हेडफोनची पिन अर्धवट खोचलेली असली तरी स्पीकर आपोआप मुके होतात. क्लासमध्ये हे फार होतं, कारण पोरं पिन ओढून काढतात आणि खाच सैल पडते.

यादीत फक्त "डमी आउटपुट" दिसत असेल तर यजमानालाच साउंड कार्ड सापडलेलं नाही. मग आभासी मशीन बाजूला ठेवा आणि आधी लिनक्सचाच आवाज दुरुस्त करा.

दोष पाहुण्याकडे असेल तर

पाहुण्या विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरवर लाल फुली असेल तर बहुतेक वेळा खोट्या कार्डाची जात चुकलेली असते. व्हर्च्युअलबॉक्स तीन जातींची सोंगं घेऊ शकतो: खूप जुनं साउंडब्लास्टर १६, इंटेलचं १९९७ च्या काळातलं एसी-९७, आणि २००४ मध्ये आलेलं एचडी ऑडिओ. ६४-बिट विंडोज ७ किंवा १० मध्ये एसी-९७ चा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी बोलायची भाषा, तयार येत नाही. तिथे एचडी ऑडिओ द्यायचं. उलट जुन्या प्रोग्रामसाठी कुणी विंडोज एक्सपी चालवत असेल तर तिथे एसी-९७ बरं पडतं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये याच ठिकाणी आयसीएच-९ किंवा आयसीएच-६ हे मॉडेल दिसतं. दोन्ही एचडी ऑडिओच्याच घराण्यातली आहेत.

हा बदल मशीन पूर्ण बंद करून करायचा. खिडकी मिटताना "स्थिती जतन करा" हा पर्याय घेतला असेल तर मशीन फक्त झोपलेलं असतं आणि कार्डाची निवड करडी, न बदलता येणारी दिसते. आत जाऊन विंडोजच्या मेनूतून शटडाउन करा.

दोष बरोबर बांधावर असेल तर

व्हर्च्युअलबॉक्सच्या ऑडिओ पानावर "होस्ट ऑडिओ ड्रायव्हर" अशी ओळ आहे. तिथे "नल", म्हणजे "काहीच नाही", असेल तर पाहुणा समजतो आपण वाजवतोय, आणि आवाज जातो कुठेच नाही. पाइपचं तोंड नाल्यात सोडल्यासारखं. यातली मेख अशी की सेटिंग बरोबर असूनही हे होऊ शकतं. मशीन सुरू होताना यजमानाचा आवाज-विभाग तयार नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स एक सूचना दाखवून आपोआप नलवर जातो. ती सूचना आपण न वाचता मिटवतो. लॉगिन झाल्या झाल्या मशीन आपोआप सुरू होईल अशी सोय केली असेल तर हे घडू शकतं. अर्धा मिनिट थांबून मशीन पुन्हा सुरू करा. त्याच पानावर "ऑडिओ आउटपुट चालू" या चौकटीत खूण आहे का तेही बघा.

व्हर्ट-मॅनेजरची कथा वेगळी. तिथे मशीन सहसा तुमच्या नावाने चालत नाही, यंत्रणेच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं. पाइपवायर मात्र तुमच्या लॉगिनचा असतो, तो परक्याला दार उघडत नाही. म्हणून आवाज स्पाइस नावाच्या वाटेने, मशीन बघायच्या खिडकीतून तुमच्याकडे आणतात. त्यासाठी डिस्प्लेची जात स्पाइस ठेवायची. आणि खिडकी बंद केली की आवाजही बंद, कारण तो तिच्यातूनच येत होता. एका गावच्या ग्रंथालयात "मशीन तर सुरूच आहे, मग आवाज काहून गेला?" यावर दोन दिवस काथ्याकूट झाला होता. उत्तर एवढंच होतं, की कुणीतरी खिडकी मिटली होती.

आवाज येतो, पण तुटतो

हा माझ्या मते सगळ्यात समजून घेण्यासारखा भाग आहे, कारण इथे काहीच बिघडलेलं नसतं.

संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची धार. बहुतेक वेळा सेकंदाला ४८,००० आकडे. स्पीकरला ते एका लयीत हवे असतात, एक क्षणही थांबून चालत नाही. प्रोसेसर मात्र सगळ्यांची कामं पाळीपाळीने करतो. शेतीपंपाच्या विजेसारखंच: कधी दिवसा, कधी रात्री, आपली पाळी आली की मोटर चालवायची. ठिबकला मात्र पाणी सलग हवं. मग आपण काय करतो? हौद बांधतो. वीज असताना भरून ठेवतो, ठिबक त्यातून चालत राहतं.

आवाजातल्या या हौदाला बफर म्हणतात. पाइपवायर सहसा १,०२४ आकड्यांच्या घासाने काम करतो, म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंदांचा साठा. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. यजमानावर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामला एवढं पुरतं. पाहुण्याचं तसं नाही. त्याची पाळी यजमान ठरवतो, आणि पाहुण्याच्या आत पुन्हा विंडोज आपल्या प्रोग्रामांच्या पाळ्या लावतं. दुहेरी भारनियमन. एखादी पाळी हुकली की हौद तळाला जातो आणि ठिबकमधून हवा येते. तीच ती तडतड.

हौद खरंच कोरडा पडतोय का ते बघता येतं. टर्मिनलमध्ये "पीडब्ल्यू-टॉप" ही आज्ञा चालवा, इंग्रजी "पीडब्ल्यू" आणि "टॉप" यांच्यामध्ये आडवी रेघ. आभासी मशीनच्या ओळीत "ईआरआर" या रकान्याखालचा आकडा तडतडीबरोबर वाढत असेल तर निदान पक्कं.

उपाय दोन बाजूंनी. एक, पाळी चुकू देऊ नका. चार गाभ्यांच्या (कोअरच्या) प्रोसेसरमधले चारही गाभे पाहुण्याला देऊ नका, दोन द्या. सगळं घर पाहुण्याला दिल्यावर यजमान स्वयंपाक कुठे करणार? ४ जीबी रॅमच्या मशीनवर पाहुण्याला ३ जीबी दिले की यजमान हार्ड डिस्कवर उसनवारी करू लागतो, आणि जुनी फिरती डिस्क असेल तर आवाज तुटणारच. त्या क्लासमधलं तडतडणारं मशीन असंच होतं. कुणीतरी पाहुणा वेगवान व्हावा म्हणून त्याचे गाभे आणि रॅम वाढवून ठेवले होते. परत खाली आणले, तडतड गेली.

दोन, हौद मोठा करा. "पल्स लेटन्सी एमसेक" नावाचं एक चल, म्हणजे किंमत ठरवून देता येणारी सेटिंग, आहे. ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहितात. त्याची किंमत ६० ठेवून त्याच टर्मिनलमधून व्हर्च्युअलबॉक्स सुरू केलं की ६० मिलिसेकंदांचा साठा मागितला जातो. हौद मोठा झाला की पाणी थोडं उशिरा पोचतं, तसा आवाजही जरा मागे राहतो. डिक्टेशनला, भाषणाला याने काही फरक पडत नाही. पाहुण्याच्या आत कुणी वाद्य वाजवणार असेल तर त्याला पडेल.

पहिला शब्द गिळणारं मशीन

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. आवाज स्वच्छ, पण प्रत्येक उताऱ्याचा पहिला शब्द गायब. बांधावर पट्टी तर अगदी पहिल्या शब्दापासून नाचत होती. म्हणजे पाहुणा निर्दोष.

यजमान काटकसरी आहे. पाइपवायरच्या जोडीला वायरप्लंबर नावाचा मुकादम असतो. पाच सेकंद कुणी काही वाजवलं नाही तर तो साउंड कार्ड झोपवतो. लिनक्सच्या गाभ्यातला इंटेल कार्डाचा ड्रायव्हरही अनेक लॅपटॉपवर वीज वाचवायला तेच करतो. पुन्हा आवाज आला की कार्ड जागं होतं, पण काही कार्डांना जागं व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिला शब्द निघून गेलेला असतो. गाणं ऐकणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. लघुलेखनाच्या विद्यार्थ्याला मात्र लगेच कळतं.

खात्री करायची सोपी युक्ती: यजमानाकडे एखादं गाणं अगदी हळू आवाजात चालू ठेवा आणि मग पाहुण्यात डिक्टेशन लावा. पहिला शब्द आला? मग झोपच कारण. उपाय म्हणजे वायरप्लंबरच्या सेटिंग-फाइलमध्ये "सस्पेंड-टाइमआउट"ची किंमत शून्य करणं, म्हणजे कार्ड झोपतच नाही. ज्यांना फाइलींना हात लावायची धास्ती वाटते त्यांनी आवाज कापायच्या-जोडायच्या ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये प्रत्येक उताऱ्याच्या आधी अगदी हलकी खरखर असलेली दोन सेकंदांची शांतता जोडावी. उताऱ्याआधी "तयार रहा" असं म्हणून रेकॉर्ड केलं तरी चालतं. गिळायचंच असेल तर मशीन ते गिळेल.

आणि माइक?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये "ऑडिओ इनपुट" ही चौकट मुळात रिकामी असते, आणि ते योग्यच आहे. पाहुण्याने न विचारता आपलं बोलणं ऐकू नये. हवं असेल तेव्हा खूण करा. यूएसबी हेडसेट थेट पाहुण्याला जोडून दिला तर तेवढा वेळ तो यजमानाला वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा खाली येतो. तो बिघाड नव्हे, ब्लूटूथ बोलण्यासाठीच्या वेगळ्या पद्धतीवर गेलेलं असतं.

"इंटरनेटवर तर पाइपवायर काढून टाका म्हणतात"

काढू नका. अशा सल्ल्यांतले बरेच फार जुने आहेत, तेव्हाच्या अडचणी आता राहिल्या नाहीत. नव्या मिंटमधून किंवा उबुंटूमधून तो उपटला तर ब्लूटूथपासून स्क्रीन-रेकॉर्डिंगपर्यंत बरंच काही सोबत मोडतं. "रूट म्हणून चालवा" हा दुसरा सल्ला तर आगीतून फुफाट्यात नेणारा. रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला, पण तुमच्या लॉगिनला परका वापरकर्ता, त्याला तुमच्या लॉगिनचा आवाज-विभाग दार उघडत नाही, आणि फाइलींची मालकी बदलून नवीच दुखणी सुरू होतात.

"एवढं करण्यापेक्षा विंडोजच राहू द्यावं ना?"

हा प्रश्न रास्त आहे. संगणकावर दिवसभर विंडोजचाच एक प्रोग्राम चालवायचा असेल आणि नेट जोडायचं नसेल, तर विंडोज १० तसंच ठेवणं वाईट नाही. पण त्याच संगणकावरून परीक्षेचे फॉर्म भरले जातात, बँक उघडली जाते. ज्या प्रणालीच्या फटी आता नेहमीसारख्या बुजवल्या जात नाहीत तिच्यावर ते करणं मला पटत नाही. नेटची कामं लिनक्समध्ये, डिक्टेशन पाहुण्यात, आणि पाहुण्याची नेटवर्क वायर सेटिंगमधून काढलेली. ही मांडणी मला सगळ्यात सुरक्षित वाटते.

काहींना वाइन सुचेल. तो विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर थेट चालवतो, दुसरा संगणक उभाच करत नाही. चालला तर उत्तम, बांधच उरत नाही. मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रामांपैकी काही त्यात चालतात, काही फॉन्टवर अडतात. करून बघायला एक तास लागतो, तो घालवावा.

नवीन साउंड कार्ड घ्यायची घाई मात्र नको. यजमानाचं स्वतःचं गाणं स्वच्छ वाजत असेल तर कार्ड चांगलं आहे.

त्या क्लासमध्ये शेवटी एक काम आम्ही केलं, ते तुम्हीही करा. आवाज नीट झाल्यावर लगेच पाहुण्याचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची नोंद, घेतली. मग कार्डाची जात, ड्रायव्हरचं नाव, गाभे आणि रॅम किती, हे चार ओळींत कागदावर लिहून प्रत्येक मॉनिटरच्या मागे चिकटवलं. पुढच्या महिन्यात एका मशीनचा आवाज पुन्हा गेला. मला फोन यायच्या आधी क्लासमधल्या एका मुलीने कागद वाचून बघितलं, की ड्रायव्हरच्या जागी नल आलं आहे. तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि डिक्टेशन लावलं.